पाहुण्यांच्या खोलीतला टीव्ही

केबलच्या जुन्या काळात घरातला दुसरा टीव्ही जवळजवळ फुकट चालत असे. हॉलमध्ये आलेल्या वायरीला इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा दोन तोंडांचा स्प्लिटर लावायचा, एक वायर दाराच्या चौकटीवरून आतल्या खोलीत न्यायची, की झाले. केबलवाल्याला कळले तर तो कुरकुर करी, महिन्याला थोडे जास्त मागे, पण त्याला ते सिद्ध करता येत नसे. आज त्याच कामासाठी निदान पाच मार्ग आहेत आणि पाचही विकणारी माणसे आपापला मार्ग एकमेव असल्यासारखे बोलतात. गेल्या वर्षी आमच्या घरात हा निर्णय करायची वेळ आली, तेव्हा मी एक वही केली आणि प्रत्येक मार्ग मुळापासून समजून घेतला. हा लेख त्या वहीतून आला आहे.

आधी त्या फुकटच्या दिवसांचे गणित सांगते, कारण आजच्या सगळ्या अडचणींचे मूळ तिथे आहे. जुन्या ॲनालॉग केबलमध्ये सगळ्या वाहिन्या एकाच वेळी एकाच वायरीतून वाहत असत, प्रत्येक आपापल्या कंप्रतेवर. त्यातली हवी ती निवडण्याचे काम टीव्हीच्या पोटातला ट्यूनर करी. म्हणजे वायर दोनदा फोडा की चारदा, प्रत्येक टीव्हीला सगळा बाजार उपलब्ध. फोडल्यामुळे सिग्नल अशक्त होई, चित्रात मुंग्या दिसत, मग बूस्टर लावायचा. त्याही आधी, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला चित्र दिसू लागले, तेव्हाच्या अँटेनाचेही तत्त्व हेच होते. हवेत जे आहे ते सगळ्यांसाठी.

हे संपले ते डिजिटायझेशनने. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही ॲनालॉग केबल बंद होण्याची मुदत होती. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, सोलापूर, औरंगाबाद अशा शहरांचा नंबर ३१ मार्च २०१३ ला लागला आणि चौथ्या टप्प्यात, २०१७ पर्यंत, गावेही आली. आता वायरीतून येते ते कुलूपबंद रूपात येते आणि किल्ली सेट टॉप बॉक्समधल्या कार्डात किंवा चिपमध्ये असते. एक बॉक्स, एक किल्ली, एका वेळी एक वाहिनी. वायर हवी तितकी फोडा, किल्ली फुटत नाही. दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स लागतो, आणि दुसरा बॉक्स म्हणजे दुसरे बिल.

आमच्याकडे प्रश्न आला तो सासूबाईंमुळे. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो. सासरे गेल्यापासून त्या वाईच्या घरात एकट्या राहतात. घर जुने आहे, पावसाळ्यात एका बाजूने गळते, म्हणून आषाढापासून दिवाळीपर्यंत त्या पुण्याला आमच्याकडे असतात. तिसऱ्या बेडरूमला आम्ही पाहुण्यांची खोली म्हणतो. तिथे एक पलंग, एक कपाट, आणि इस्त्रीचे टेबल. वय ७८, डोक्याने तल्लख, गुडघ्यांनी हैराण. हॉलमधल्या सोफ्यावरून उठताना त्यांना कुणाचा तरी हात लागतो आणि ते त्यांना आवडत नाही. शिवाय हॉलमध्ये संध्याकाळी बातम्या, मॅच, आमच्या मुलीचे काही ना काही. एक दिवस त्या म्हणाल्या, "मला माझं माझं बघू दे, तुमचं तुम्ही बघा." त्यात राग नव्हता, पण दोन्ही बाजूंनी विचार करावा असे काहीतरी होते. खोलीत टीव्ही दिला तर त्या खोलीच्याच होऊन बसतील, ही माझ्या यजमानांची भीती. दिला नाही तर त्या सोफ्याच्या कडेला रिमोटची वाट पाहत बसतील, हे मला रोज दिसत होते. त्या खोलीची एक भिंत दहावीतल्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाला लागून आहे, ही तिसरी बाजू.

म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर यंत्रांची नावे न लिहिता चार प्रश्न लिहिले. त्या नेमके काय बघतात? खोली वर्षातले किती महिने वापरात असते? त्यांच्या हातात कोणता रिमोट चालेल? आणि वायर कुठून येणार? माझे मत असे झाले आहे की दुकानात जाण्याआधी ही उत्तरे असली तर निम्मे पर्याय आपोआप गळतात.

सगळ्यात स्वस्त मार्ग डीडी फ्री डिशचा. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. छत्री आणि बॉक्स मिळून दोन हजारांच्या आसपास एकदाच खर्च, मग महिन्याला शून्य. वर्षातले सात-आठ महिने बंद राहणाऱ्या खोलीसाठी हे आदर्श वाटते, आणि पाहुण्यांची खोली खरोखर पाहुण्यांचीच असेल तर मी आजही हेच सुचवीन. काही टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. त्यांना फ्री डिशच्या कुलूप नसलेल्या वाहिन्यांसाठी बॉक्सही लागत नाही. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, जुने हिंदी चित्रपट आहेत, आणि लिलावात जागा घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या खासगी वाहिन्या आहेत. पण आईंच्या संध्याकाळच्या मालिका ज्या वाहिन्यांवर असतात त्या पैसे भरून बघायच्या वाहिन्या आहेत आणि त्या तिथे नाहीत. पहिल्याच प्रश्नाच्या उत्तराने हा मार्ग बंद झाला. "अँटेना लावा ना सरळ," असे सांगणारे एक काका आमच्या इमारतीत आहेत. त्यांच्या माहितीसाठी: दूरदर्शनने आपले ॲनालॉग जमिनी प्रक्षेपक, मोक्याची थोडी ठिकाणे सोडून, मार्च २०२२ पर्यंत बंद केले.

दुसरा मार्ग हॉलमधल्याच बॉक्समधून चित्र आत नेण्याचा. एचडीएमआय स्प्लिटर आणि लांब केबल घ्यायची, किंवा बिनतारी संच. हे चालते, पण बॉक्स एकच असल्यामुळे हॉलमध्ये जे लावाल तेच आतही दिसते. रिमोटसाठी भांडणाऱ्या घरात हा उपाय भांडण दोन खोल्यांत नेतो. पुढे गेले.

इंटरनेटच्या मार्गावर मी बराच वेळ घालवला, कारण यजमानांचा आणि मुलीचा कौल तिकडे होता. ब्रॉडबँड घरात आहेच. मराठी मालिका वाहिन्यांच्या ॲपवर मिळतात. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात वेव्हज नावाचे ॲप आणले, त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. वेगाचा बाऊ करण्याचे कारण नाही. फुल एचडी चित्राला सेकंदाला ५ मेगाबिट पुरतात असे नेटफ्लिक्स स्वतः सांगते. अडते ते भिंतींशी. राउटर हॉलच्या कोपऱ्यात, मध्ये दोन भिंती आणि एक न्हाणीघर. ५ गिगाहर्ट्झची लाट वेगवान असली तरी भिंतीत लवकर दमते. २.४ गिगाहर्ट्झची लांब जाते, पण त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे सगळे राउटर बोलत असतात. यावर सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे लॅनची वायर थेट टीव्हीपर्यंत नेणे, आणि ते कठीण नाही.

कठीण होते ते दुसरेच. आईंना वाहिन्यांचे नंबर पाठ आहेत. तीन आकडे दाबले की माणसे समोर. ॲपवर आधी चौकोन निवडा, मग "कोण बघत आहे" ते सांगा, मग मालिका शोधा, मग भाग शोधा. महिन्या-दोन महिन्यांनी ॲप विसरते आणि पुन्हा लॉग इन मागते. त्याचा ओटीपी जातो मुलाच्या फोनवर, आणि मुलगा त्या वेळी हिंजवडीत मीटिंगमध्ये. आठवडाभर मी हॉलच्या टीव्हीवर त्यांना हे शिकवले. त्या शिकल्याही. पण त्या म्हणाल्या, "दर वेळी परीक्षा दिल्यासारखं वाटतं गं." थेट प्रक्षेपण इंटरनेटवर उशिरा पोहोचते हाही भाग आहे. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून ते पाठवले जातात आणि टीव्ही चार तुकडे जमवून मग दाखवायला लागतो, त्यामुळे अर्धा मिनिट सहज मागे पडते. मालिकेला त्याने फरक पडत नाही. क्रिकेटला पडतो, आणि आई क्रिकेट बघतात. विकेट पडल्याचे हॉलमधल्या आरोळीवरून आधी कळावे हे त्यांना मान्य नव्हते.

राहिला मार्ग आहे त्याच डीटीएच छत्रीवर दुसरा बॉक्स लावण्याचा. इथे जी माहिती मला कळली ती इतकी रंजक होती की वहीची सर्वात जास्त पाने तिने भरली.

छत्रीसमोर दांड्यावर जो लहानसा डबा असतो त्याला एलएनबी म्हणतात. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीबरोबर फिरत, म्हणजे आपल्या दृष्टीने एका जागी उभा असतो. तिथून येणारी लाट ११-१२ गिगाहर्ट्झची. ती साध्या केबलमधून घरात आणायला गेले तर वाटेतच विरून जाईल. म्हणून एलएनबी तिची कंप्रता उतरवतो, साधारण १ ते २ गिगाहर्ट्झवर आणतो आणि मग वायरीत सोडतो. एवढे करूनही चांगल्या आरजी-६ केबलमध्ये १०० मीटरला १ गिगाहर्ट्झवर सुमारे २० डेसिबल घट होते, म्हणजे शंभरातला एकच भाग हाती लागतो. गच्चीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत हा हिशेब सुखरूप बसतो. बाराव्या मजल्याच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्याने मात्र वायर कोणत्या प्रतीची आहे ते बघावे.

आता गंमत. उपग्रह एकाच कंप्रतेवर दोन वेगळे प्रवाह पाठवू शकतो, एक उभ्या ध्रुवीकरणाचा, एक आडव्या. एलएनबीने कोणता पकडायचा हे कोण ठरवते? खोलीतला बॉक्स. आणि कसे? त्याच वायरीतून उलट दिशेने वीज पाठवून. बॉक्सने १३ व्होल्ट पाठवले तर एलएनबी उभा प्रवाह देतो, १८ व्होल्ट पाठवले तर आडवा. शिवाय २२ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर सोडून पट्ट्याचा वरचा भाग की खालचा, हेही सांगितले जाते. म्हणजे ही वायर नुसते चित्र आणणारी नळी नाही, त्यावरून वर हुकूमही जात असतात. आता या वायरीला जुन्या सवयीने दोन तोंडांचा स्प्लिटर लावा. हॉल म्हणतो आडवे दे, पाहुण्यांची खोली म्हणते उभे दे. ज्याचा व्होल्टेज जास्त त्याचे चालते. दुसऱ्या खोलीत निम्म्या वाहिन्या "सिग्नल उपलब्ध नाही" म्हणतात, आणि हॉलमध्ये कुणी वाहिनी बदलली की अचानक परत येतात. डिशमध्ये भूत शिरले आहे असे समजून लोक छत्री हलवत बसतात. उपाय साधा आहे: दोन तोंडांचा, म्हणजे ट्विन एलएनबी. त्यात दोन स्वतंत्र मेंदू असतात, प्रत्येक खोलीला आपली वायर, आपला हुकूम. छत्री तीच, दांडा तोच.

दोन कंपन्यांच्या सेवा एकाच छत्रीवर का चालत नाहीत हेही यातूनच कळते. ६० सेंटीमीटरची छत्री या कंप्रतेवर आकाशाचा जेमतेम तीन अंश रुंद तुकडा बघते. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला. पुण्याहून तो जवळजवळ आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच दिसतो. ८३ अंशांवरचा उपग्रह त्यापेक्षा दक्षिणेकडे सरकलेला आणि सुमारे ६६ अंश उंच. म्हणून ज्यांची खिडकी वायव्येला आहे त्यांनी खिडकीच्या गजाला छत्री लावून घ्यायचा नाद सोडावा. उपग्रह इमारतीच्या मागे आहे, गच्चीशिवाय इलाज नाही. आणि तीन अंशांचा हिशेब लक्षात ठेवला तर गच्चीवर छत्रीच्या दांड्याला वाळत घातलेली चादर मालिका का घालवते हेही समजते. आमच्या सोसायटीत गच्चीला नवे भोक पाडायला बंदी आहे, वॉटरप्रूफिंगवर नुकताच मोठा खर्च झाला आहे, आणि ते योग्यच आहे. ट्विन एलएनबीला नवे भोक लागत नाही, ही सेक्रेटरींना पटलेली मुख्य गोष्ट.

पावसाचा आक्षेप खरा आहे. १२ गिगाहर्ट्झची लाट अडीच सेंटीमीटर लांबीची. पावसाचे थेंब तिच्या मानाने इतके लहान नसतात की तिने त्यांना ओलांडून जावे. ते तिला शोषतात आणि विखुरतात. आई नेमक्या पावसाळ्यातच आमच्याकडे असतात, म्हणून हा मुद्दा मी हलका घेतला नाही. पण साधी रिपरिप चित्र घालवत नाही. धो धो सर आली की दहा-पंधरा मिनिटे जाते आणि येते. ब्रॉडबँडला पावसाचे भय नाही, पण वीज गेली की राउटर बंद, आणि आमच्या भागात पावसात वीज जाते. दोन्हीकडे पाऊस आहेच, फक्त वेगळ्या दाराने येतो.

खर्चाचे सांगते. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नव्या व्यवस्थेत वाहिन्यांच्या किमती वेगळ्या आणि जाळे वापरण्याचे शुल्क वेगळे झाले. या शुल्काची कमाल १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२० च्या सुधारणेत एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीला या शुल्काच्या ४० टक्क्यांवर घ्यायचे नाही असे ठरले, म्हणजे ५२ रुपये आणि कर. दुसऱ्या टीव्हीला वेगळ्या वाहिन्या निवडण्याचा हक्कही तेव्हाच मिळाला. जुलै २०२४ मध्ये ट्रायने या शुल्कावरची मर्यादा काढून ते कंपन्यांवर सोडले. त्यामुळे आज कंपनीला विचारावे लागते, आणि विचारताना "दुसरे कनेक्शन" न म्हणता "मल्टी टीव्ही" म्हणावे. नाहीतर काउंटरवरचा मुलगा नवे खाते उघडून मोकळा होतो. हॉलच्या बॉक्सवर जे सगळे पॅक आहेत तेच आत लावण्याची गरज नाही. आईंसाठी आम्ही मोजक्या मराठी वाहिन्या, क्रिकेटची एक आणि भक्तीची एक अशी यादी केली. त्यांनी भक्तीची काढायला लावली.

टीव्हीचा आकार हा शेवटचा वाद. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्यामुळे दुकानात ४३ इंचांकडे ढकलण्याचा उत्साह वाढला आहे. खोली दहा बाय दहा, उशीपासून समोरची भिंत साधारण अडीच मीटर. ३२ इंची पडदा ४० सेंटीमीटर उंच असतो आणि एचडी रेडी टीव्हीत त्यावर ७६८ ओळी. एक ओळ अर्ध्या मिलिमीटरची. निरोगी डोळ्याला ती १.८ मीटरपर्यंतच वेगळी दिसते. अडीच मीटरवरून, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना, ४के चा काहीही उपयोग नाही. मोठ्या पडद्याचा मात्र आहे, कारण अक्षरे आणि चेहरे मोठे होतात. म्हणून आम्ही ४३ इंची घेतला, पण साधा फुल एचडी. पलंगावर टेकून बघताना मान वळू नये म्हणून भिंतीवर नेहमीपेक्षा थोडा वर, खाली झुकवून लावला. अभ्यासाच्या भिंतीवर नाही, समोरच्या. पातळ टीव्हीचे स्पीकर मागे तोंड करून भिंतीशी बोलतात, आणि ती भिंत मुलीची असती तर फेब्रुवारीपर्यंत घरात युद्ध झाले असते. एक लहान स्पीकर पलंगाशेजारी, वायरीने जोडलेला, त्यामुळे आवाज कमी ठेवून चालतो.

रिमोटचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नाही. टीव्हीचा एक आणि बॉक्सचा एक. टीव्हीच्या रिमोटवर चुकून "सोर्स" दाबले गेले की पडदा निळा, आणि मग मला हाक. आता टीव्हीचा रिमोट कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. टीव्हीची एचडीएमआय जोडणीची एक सोय सुरू केली की बॉक्स चालू होताच टीव्हीही जागा होतो. बॉक्सच्या रिमोटवर न लागणाऱ्या बटणांवर मी इलेक्ट्रिशियनची काळी पट्टी चिकटवली. उरलेत आकडे, आवाज, आणि लाल बटण.

यजमानांची भीती तितकीशी खरी ठरली नाही, पण अगदी खोटीही नाही. संध्याकाळच्या मालिका त्या खोलीत बघतात. मॅच असली की मात्र त्या आत स्वतःची लावतात आणि षटक संपले की हॉलमध्ये येऊन आम्हाला चुका सांगतात. मुलगी अभ्यासातून उठली की त्यांच्या पलंगावर जाऊन पडते, कारण तिथला टीव्ही तिच्या बाबांच्या ताब्यात नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. दिवाळीनंतर आई वाईला जातात. तेव्हा आगाऊ कळवून त्या बॉक्सची सेवा तात्पुरती थांबवता येते, तशी सोय नियमात आहे. मागणी ॲपवरून करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. पण परत सुरू करताना नुसते पैसे भरून भागत नाही. वाहिन्या उघडण्याचा हुकूम उपग्रहावरूनच येतो आणि बॉक्स चालू असेल तरच त्याच्यापर्यंत पोहोचतो. महिनोन्महिने बंद राहिलेला बॉक्स आधी आपली प्रणाली अद्ययावत करतो, त्यात वेळ जातो. म्हणून त्या वाईहून निघाल्याचा फोन आला की मी पहिल्यांदा त्या खोलीत जाऊन बॉक्सचे बटण दाबते आणि मग गादीवर नवी चादर घालते.